बोरदरीची टेकडी

१

टेकडी चोरीला गेल्याचा फोन आला तेव्हा मी द्राक्षं धूत होते. शनिवार होता, दुपारचे सव्वाचार वाजले होते.

"ताई, टेकडी गेली," रहेमानभाई म्हणाले. "कोणीतरी कापून नेली. जल्दी या."

ही टेकडी थर्माकोलची होती, जेमतेम वीतभर उंच. पण तिच्यावरची दोनशे चौदा झाडं मी भांडी घासायच्या हिरव्या घासणीचे तुकडे करकरून माझ्या हातानं लावली होती. त्यामुळे माझंच काहीतरी कापून नेल्यासारखं वाटलं. द्राक्षं तशीच टाकून मी स्कूटर काढली.

मी ललिता पगारे. रेल्वेच्या क्लेमच्या कामात माझी एकतीस वर्षं गेली. वाघिणीतले, म्हणजे मालडब्यातले, कांदे नाशकात कमी झाले की मनमाडला, हे शोधायचं. रिटायर झाल्यावर छोट्या रेल्वेचा नाद लागला. फळ्यांवर रूळ मांडायचे, डोंगर उभे करायचे, बोटभर डब्यांना गंज चढल्यासारखा रंग द्यायचा. नाशकात आम्ही असे पाचसहा वेडे आहोत, रहेमानभाई त्यातलेच. म्हातारपणी खेळणी सुचतात, असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे.

पण हिरावाडीत गोटीरामदादा खैरनारांच्या माडीवर जे उभं होतं ते खेळणं नव्हतं.

दादा मालगाडीचे ड्रायव्हर. पेठकडच्या डोंगरात तेव्हा एक छोटी फाट्याची लाईन होती, तिच्यावर बोरदरी नावाचं स्टेशन होतं. १९९१ साली एका संध्याकाळी दादांच्या इंजिनानं बोरदरीचा सिग्नल ओलांडला आणि स्टेशनात उभ्या डब्यांवर ते जाऊन आदळलं. डब्यांमधून वाट काढत असलेला, रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन झिपरू गावित जागच्या जागी गेला. 'वळणावरच्या टेकडीमुळे लाल सिग्नल दिसला नाही,' असं दादांनी चौकशीत सांगितलं. ते कुणी मानलं नाही. त्यांची नोकरी गेली. झिपरूच्या जागी त्याच्या बायकोला, अक्काबाईला, पॉइंट्समनची नोकरी मिळाली. एकतीस वर्षांत ती बाई दादांशी एक अक्षर बोलली नाही.

आता ना ती लाईन उरली होती, ना टेकडी. लाईन उखडली, टेकडी रस्त्यासाठी फोडली. दादांच्या किडन्या गेल्या होत्या, डायलिसिसही थांबवलं होतं. डॉक्टरांनी चारपाच दिवस सांगितले होते. दादांचं एकच मागणं होतं. अक्काबाईनं एकदा येऊन बघावं, की आपण तिच्या नवऱ्याला जाणूनबुजून मारलं नाही. निरोपावर निरोप गेले, तेव्हा तिचं उत्तर आलं होतं, 'रविवारी चारला येईन. एकदाच.'

तिला दाखवायला म्हणून आम्ही आठ महिने खपून बारा फुटी फळ्यांवर बोरदरी उभी केली होती. इंजिनाच्या नाकात मटाराएवढा कॅमेरा बसवला होता. इंजिन वळणावर आलं की ड्रायव्हरला काय दिसत होतं ते मोबाईलवर दिसायचं. टेकडी आडवी यायची आणि सिग्नलचा लाल दिवा अगदी शेवटच्या क्षणी उघडा पडायचा.

माडीवर पोचले तर टेकडीच्या जागी पांढरा, उघडा काप होता. रहेमानभाईंनी इंजिन सोडलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. वळण सुरू होण्याआधीच लाल ठिपका दिसायला लागला आणि शेवटपर्यंत दिसत राहिला. त्या गाडीत कुणीही असतं तरी त्याला तो दिसला असता. उद्या अक्काबाई हेच बघणार होती.

२

"पुन्हा बनवू," मी म्हणाले.

"कशी बनवू?" रहेमानभाई खुर्चीत कोसळले. "थर्माकोल आज कापीन, प्लास्टर आज लावीन. सुकणार कधी? रंग कधी? ओल्या प्लास्टरवर तुमचं एक झाड नाही राहणार, ताई. दोन दिवस पाहिजेत. दादांकडे दोन दिवस हाये का?"

रहेमानभाई मूळ मालेगावचे, यंत्रमागाचे मिस्त्री. त्यांच्या हाताला माप चुकत नाही. मापात सुताएवढा फरक पडला तरी त्यांचं जेवणावरून मन उडतं, असं त्यांच्या अनवरीभाभी सांगतात.

मी चष्मा पुसून टेबलाशी वाकले. क्लेमचं काम करताना एक गोष्ट शिकले होते, की चोर काय घेऊन गेला ते सगळे बघतात, काय ठेवून गेला ते कुणी बघत नाही.

काप धारदार होता. रहेमानभाईंचाच कटर वापरून पुन्हा जागच्या जागी ठेवलेला होता. टेकडीच्या पायथ्याशी रुळांमध्ये ताजी गिट्टी पसरलेली होती. आम्ही ही गिट्टी चाळलेल्या दगडी कचेची करतो आणि वरून पाणी घातलेलं फेविकॉल ड्रॉपरनं सोडतो. ओलं असताना ते दुधासारखं पांढरं दिसतं, वाळलं की दिसेनासं होतं. आता ते वाळलेलं होतं, आणि त्यात थर्माकोलचे साबुदाण्याएवढे दाणे पक्के रुतून बसले होते. नखानं काढायला गेले तर निघेनात.

"हे फेविकॉल कधी सोडलंत?"

"अकरा वाजता. सोडलं आणि घरी गेलो. परत आलो चारला."

पंख्याखाली फेविकॉल दोन तासांत धरतं. म्हणजे दाणे पडले तेव्हा ते ओलं होतं. टेकडी अकरा ते एकच्या मधे कापली गेली होती.

दुसरी गोष्ट. टेकडीच्या पायथ्याशी उभी असलेली मालगाडी, इंजिन आणि चार डबे, तिथे नव्हती. कापताना धक्का लागू नये म्हणून कुणीतरी ती उचलून चढावरच्या बाजूच्या लाईनीवर नीट नेऊन ठेवली होती. मोडतोड करायला आलेला माणूस एवढी काळजी घेत नाही. तिथे मी आणखी खाली वाकले. शेवटच्या डब्याच्या चाकाखाली, उताराच्या बाजूला, काडेपेटीच्या काडीचा तासलेला एक तुकडा होता.

"हे तुम्ही ठेवलंत?"

त्यांनी मान हलवली. "मी कशाला ठेवू? मी डबे काढून खोक्यात ठेवतो."

मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि माझ्याजवळ येऊन अगदी हळू बोलले.

"ताई, एक गोष्ट बोलतो. कोणाला सांगू नका. सोमनाथ मास्तरांनी लाईनीचा जुना नकाशा दिला होता. त्या मापानं रूळ टाकले, तर टेकडी बसेना. तिचा पाय रुळावर यायला लागला. दादा म्हणाले, टेकडी एवढीच मोठी होती, रूळ सरकव. मी दोन बोटं सरकवले. जिंदगीत पहिल्यांदा माप खोटं केलं."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढी टेकडी तिथं कधी नव्हतीच, ताई. ज्यानं कापली, त्यानं माप बरोबर केलं."

३

मला रागच आला. रहेमानभाईंचा, दादांचा आणि सगळ्यात जास्त माझा. दोनशे चौदा झाडं मी एका खोट्या टेकडीवर लावली होती. मरणाऱ्या माणसानं आम्हाला आठ महिने वेठीला धरलं होतं, तेही एका विधवेच्या डोळ्यांत धूळ फेकायला. आणि तरीही खालून त्याच माणसाचा खोकला ऐकू आला तशी मी जिना उतरले.

खाली दिनेश, दादांचा मुलगा, नुकताच येऊन चपला काढत होता. एकेचाळीस वर्षांचा माणूस, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. मी त्याला टेकडीचं सांगितलं तर तो चक्क हसला.

"बरं झालं."

"दिनेश!"

"खोटं कशाला बोलू, काकू? मी चौथीत होतो. पोरं मला 'खुन्याचा' म्हणायची. तीन शाळा बदलल्या. लग्नाच्या वेळी मीनाच्या माहेरी सांगितलं, वडील पाटबंधाऱ्यात होते. रेल्वेचं नाव आम्ही घरात काढत नाही. आणि शेवटच्या दिवसांत हे माडीवर स्टेशन! पण मी नाही कापली. सकाळी सहाला गेलो तो आत्ता येतोय. गेटवर पंच झालेलं असतं, बघा हवं तर."

बघायची गरज नव्हती. ओल्या फेविकॉलमधल्या दाण्यांनी त्याला आधीच सोडवलं होतं.

मीना, त्याची बायको, स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. "दादांना बघायला रोज माणसं येतात, काकू. दादा इथं खाली झोपलेले असले की मी सगळ्यांना माडीवर बसवते, वर पंखा आहे म्हणून. आज साडेअकराला सोमनाथ मास्तर आले. मग कोण, एक बाई नागलीचं पीठ देऊन गेली. तीनला भजनी मंडळातल्या दोघी. मी कुकर लावायचा, चहा करायचा, की वर जाऊन पहारा करायचा?"

"तुझं काही चुकलं नाही गं," मी म्हणाले.

तेवढ्यात दादांनी हाक मारली. मी आत गेले. उशीत बुडालेला तो चेहरा बघून मघाचा राग कुठल्या कुठे गेला.

"ताई, सगळं जागेवर आहे ना?"

"आहे, दादा."

"टेकडी?"

"आहे."

"ती हो म्हणेल ना?" त्यांनी माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती. "तिनं बघून एकदा 'हो' म्हणावं, बास. मग माझी गाडी सुटली तरी चालेल."

उद्या चारपर्यंत ते राहतील असं मला त्या क्षणी वाटेना.

४

सोमनाथ वाघ मास्तर गल्लीच्या टोकाला राहतात. बोरदरीचे तेव्हाचे स्टेशनमास्तर. चौकशीत दादांच्या विरुद्ध साक्ष त्यांचीच होती. तरी अक्काबाईकडे निरोप नेण्याचं कामही त्यांनीच केलं होतं, म्हणून माझा त्यांच्यावर संशयही होता आणि विश्वासही.

"तुम्ही सकाळी माडीवर एकटे होतात," मी सरळच विचारलं.

"होतो. पंधरा मिनिटं. गोटीराम उठेना, म्हणून परत आलो. टेकडी तेव्हा होती." मास्तर चिडले. "मला कापायची असती तर मी नकाशा कशाला दिला असता? त्या नकाशानंच त्याचं खोटं पडतं. मला वाटलं होतं, नकाशा बघून तो स्वतःच गप्प बसेल."

"सिग्नल लांबून दिसायचा?"

"चांगला दिसायचा. अन् दिवा जळत होता. अपघातानंतर अर्ध्या तासानं मी स्वतः सिग्नलपर्यंत चालत गेलो. लाल, लख्ख. तसाच मी पंचनाम्यात लिहिला."

मी पंचनामा बघायला मागितला. क्लेमवाल्या बाईला कागद दिसला की राहवत नाही. मास्तरांनी ट्रंकेतून कार्बनची निळी प्रत काढली. सिग्नलला तेव्हा वीज नव्हती. पॉइंट्समन रोज संध्याकाळी शिडी चढून दिव्यात रॉकेल घालायचा आणि वात पेटवायचा. मी झिपरूच्या अंगावरच्या वस्तूंची यादी वाचत गेले. शिट्टी एक. काडेपेटी एक. रॉकेलचा डबा, झाकणासह, गळ्यापर्यंत भरलेला.

"मास्तर, हा डबा कसला?"

"दिव्यांचा. सिग्नलच्या दिव्यात रॉकेल घालायला तोच न्यायचा."

"दिवे लावून झाले की डबा कसा असायचा?"

"रिकामा. तीन दिवे, एक डबा." मास्तर थबकले. त्यांनी कागद माझ्या हातातून परत घेतला आणि पुन्हा वाचला. एकतीस वर्षं त्यांनी ती ओळ वाचली होती आणि तिच्याकडे बघितलंच नव्हतं.

भरलेला डबा घेऊन निघालेल्या माणसानं दिवा अजून लावलेलाच नव्हता. अर्ध्या तासानं तोच दिवा लख्ख जळत होता. मधल्या वेळात झिपरू तर मेलेला होता.

५

मी रस्त्यावर आले आणि भाजीवाल्याच्या गाडीला टेकून उभी राहिले. मला ती काडी आठवत होती.

चढावर उभ्या डब्याच्या चाकाखाली पाचर लावायची, हा रेल्वेत पहिल्या दिवशी शिकवायचा धडा. नाहीतर डबे आपसूक घरंगळतात. पण आमच्या टेबलावर तो धडा कुणाला हवा? रहेमानभाई डबे खोक्यात ठेवतात. दिनेशनं आयुष्यात रेल्वेला हात लावलेला नाही. दादांना कूस बदलायला दोन माणसं लागतात. मास्तरांनी जन्मभर 'पाचर लाव रे' असं ओरडून सांगितलं असेल, स्वतः खाली वाकून कधी लावली नसेल. ही काडी तासून, उताराची बाजू बघून, न विचार करता लावणारा हात पॉइंट्समनचाच. तोही वर्षानुवर्षं वाकलेला.

आणि झिपरूची नोकरी कुणाला मिळाली होती?

मी मीनाला फोन लावला. "ती नागलीचं पीठ देऊन गेलेली बाई. कशी होती?"

"साठीची असेल. काटक. बोलणं पेठकडचं. बाराच्या सुमाराला आली. दादा झोपलेत म्हटल्यावर वर बसली अर्धा तास. चहासुद्धा नाही घेतला. का हो?"

"मीना, तू अक्काबाईला कधी बघितलंयस?"

मीनाचा आवाज एकदम बदलला. "काकू, ते राहू द्या. दादांचा श्वास लागलाय. डॉक्टर आलेत. ते म्हणतात, उद्याचं काही धरू नका. लवकर या."

साडेपाच वाजले होते. दादांना उद्याचे चार मिळणार नव्हते, आणि त्यांना हवी असलेली बाई दुपारीच येऊन, टेकडी कापून, निघून गेली होती. तिचा फोन बंद होता. हिरावाडीतून पेठकडे जायचं तर पेठ नाक्यावरूनच गाडी धरायची. बारा-साडेबाराला निघालेली बाई एव्हाना गावीही पोचली असेल. तरी मी स्कूटर तिकडे पळवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

६

नाक्यावर काळ्यापिवळ्या जीपगाड्या भरत होत्या. शेडखाली, गर्दीकडे पाठ करून, एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीच्या तोंडातून माझ्या हातची हिरवी झाडं बाहेर डोकावत होती.

"अक्काबाई?"

ती दचकली नाही. "चार गाड्या सोडल्या," ती म्हणाली. "चढवत नाय बाय. पाय उचलत नाय."

मी शेजारी बसले. "दिवा तुम्ही लावलात."

जणू कुणी विचारायचीच ती वाट बघत होती, तशी ती बोलायला लागली.

"त्या दिशी मीच त्याला थांबवला. दिवसभर उपाशी व्हता. म्हनलं, दोन घास खाय अन् मग जाय. खाऊन तो टेसनात राकेल आनाया पळाला. मी दारात उभी. अंधार पडला व्हता, अन् गाडी आली. दिवा नाय, काय नाय. सिंगलाच्या पुढं गेली अन् आवाज झाला." तिनं पिशवी जवळ ओढली. "मला कळला. तो गेला हेही कळला, अन् उद्या काय बोलतील तेही. म्हनतील, झिपऱ्यानं दिवा लावला नाय. नोकरी नाय, काय नाय. पदरात दोन पोरं. मी घरातली चिमनी उचलली, तिचा राकेल सिंगलात वतला अन् दिवा लावला. नवरा तिकडं पडलेला, अन् मी शिडीवर."

"आणि गोटीरामदादांची नोकरी गेली."

"माझ्यामुळं. लोक म्हनं, अक्काबाईचा राग जात नाय. राग कशाचा? त्याच्या तोंडाकडं बघायचं तोंड नव्हतं मला." तिनं पिशवीवर हात ठेवला. "काल मास्तरचा फोन आला, तिथं टेकडी केलीय, ती बघून तुला 'हो' म्हनायचं हाय. मी त्या सिंगलाच्या खाली धा वरसं ऱ्हायले. एवढी टेकडी कुठं व्हती? म्हनलं, आजच जाते अन् त्याच्या कानात खरं सांगते. तो झोपेत. वर बसले तर समोर ती टेकडी. मरनाऱ्या मानसाकडून आनखी एक खोटं घेऊ? रागानं कापली. अन् मग धीरच सरला."

"ते उद्यापर्यंत राहत नाहीत, अक्काबाई."

ती उठली. चार गाड्या सोडणारे पाय माझ्या स्कूटरपर्यंत मात्र धावत आले.

७

दादांचे डोळे उघडे होते. ऑक्सिजनची नळी लावलेली होती. दिनेश पायथ्याशी उभा होता, मीना उशाशी. अक्काबाई आत आली आणि सरळ जमिनीवर, पलंगाला टेकून बसली.

"डायवरदादा," ती म्हणाली. "लाल दिवा दिसला नाय तुमाला. दिसनार कसा? नव्हताच. मी मागून लावला."

दिनेशनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

दादांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. श्वास घेत, थांबत, ते बोलले.

"माहीत आहे, बाई. इंजिनातून उतरलो, मागं बघितलं. तुम्ही शिडीवर होतात. पदर खोचलेला. हातात चिमणी."

अक्काबाईनं तोंडावर हात दाबून धरला. इतकी वर्षं जे लपवण्यात तिचा जन्म गेला, ते त्यांनी पहिल्याच मिनिटाला बघितलं होतं.

"मग बोलला का नाय?" ती कशीबशी म्हणाली. "टेकडी कशाला आनली मधी?"

"झिपरूचं नाव यायला नको म्हणून. माझीही चूक होतीच. दिवा नसला तर लाल समजून थांबायचं, नियमच आहे. मी अंदाजानं पुढं गेलो. माझी अर्धी होती." ते खोकले. "तुमची अर्धी घेतली, एवढंच. तुम्हाला खरं कळू न देता तुम्ही माफ करावं, असं वाटत होतं. म्हणून टेकडी."

"मी काय माफ करू तुमाला!" अक्काबाई मोठ्यानं रडायला लागली. "तुमी मला करा."

मला तेवढ्यावर सगळं मिटलंसं वाटलं होतं. क्लेमची फाईल बंद करायची सवय दुसरं काय! पण दिनेश अजून उभाच होता. त्याचा आवाज अगदी शांत होता, आणि म्हणूनच तो ऐकवेना.

"आणि आम्ही, दादा?"

त्यानं पलंगाची कड धरली.

"त्यांची दोन पोरं जगली, चांगलं झालं. मी पण पोरच होतो ना? मी दहा वर्षांचा होतो. मला शाळेत नाव सांगता येईल असा बाप हवा होता. तुमच्याजवळ होता तो. तुम्ही मला दिला नाहीत."

दादांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळलं. "चुकलं," ते म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं. तू पोरांत बोलून गेला असतास, ही भीती वाटली. मग तू मोठा झालास. मग जमलंच नाही. चुकलं माझं, बाबा."

अक्काबाई पदरानं तोंड पुसत उठली. "मी उद्याच रेल्वेत लिवून देते. सगळं. मी सही करते. पेन्शन काढून घेतली तर घेऊ द्या. पोराचं खरं हाय."

दादा फक्त दिनेशकडे बघत राहिले. मी इतक्या चौकशा केल्या, पण निकाल असा दुसऱ्याच्या हातात जाताना कधी बघितला नव्हता. दिनेशला हवं ते त्याच्यासमोर होतं. एका कागदावर त्याच्या बापाचं नाव धुऊन निघणार होतं, आणि एकसष्ट वर्षांची बाई खोटारडी ठरून उघड्यावर येणार होती.

दिनेशनं अक्काबाईसमोर स्टूल सरकवलं.

"बसा, आत्या. कागद नको," तो म्हणाला. "मला कळलं, तेवढं पुरे. पुरत नाही, पण पुरवीन."

मग तो पलंगावर बसला आणि बापाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. मीनानं सांगितलं, 'लग्नाला चौदा वर्षं झाली, यांनी दादांना असा हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला.'

दादा रविवारी सकाळी सातला गेले. हे सगळं आज लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी अक्काबाईही गेली. जायच्या आधी तिनं मला आणि दिनेशला बोलावून सांगितलं होतं, आता लिवा. तोवर मास्तरांनी टेकडीचं काय झालं असं विचारलं की मी ते उंदरांवर ढकलत होते. ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. रहेमानभाईंनी रूळ मात्र दोन बोटं मागे, खऱ्या मापावर घेतले.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दिनेशनं गल्लीच्या तोंडाशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला. दादांचा टोपीतला फोटो, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'रेल्वे ड्रायव्हर गोटीराम खैरनार'. मी तिथेच उभी होते. समोरच्या सोसायटीत नव्यानं राहायला आलेले, नांदगावकडचे एक गृहस्थ गाडी थांबवून वाचायला लागले.

"खैरनार ड्रायव्हर म्हणजे, ते बोरदरीचे?" त्यांनी विचारलं. "लाल सिग्नल तोडून माणूस मारला होता, तेच का?"

दिनेश दोरीची गाठ मारत होता. त्यानं ती पुरी केली आणि मग त्यांच्याकडे वळला.

"हो, तेच," तो म्हणाला. "माझे वडील."